सासूबाईंचे बहिरे पंधरा दिवस

शिपाई पहिल्या परीक्षेत नापास झाला, आणि तोही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

शिपाई म्हणजे कुत्रा. तांबूस रंगाचा, एक कान उभा आणि दुसरा आळशासारखा दुमडलेला. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी कुत्रे तयार करणाऱ्या केंद्रात त्याचं शिक्षण झालं होतं आणि नावही तिथेच पडलं होतं, कारण काम शिपायाचंच. दारावरची घंटा वाजली, किटलीनं शिट्टी दिली, बाळ रडलं, की मालकिणीकडे धावत जायचं, तिच्या गुडघ्याला नाकानं ढोसायचं आणि आवाज जिथून येतोय तिथे तिला घेऊन जायचं. मालकीण होती बाइंडरबाई. त्या दिवशी बाळ रडलं तेव्हा शिपाई लगेच उठला, यात शंका नाही. पण तो बाइंडरबाईच्या पायांवरून उडी मारून थेट स्वयंपाकघरात गेला आणि सासूबाईंच्या गुडघ्याला नाक लावून, शेपूट हलवत उभा राहिला.

परीक्षा घ्यायला केंद्रातून एक सडपातळ गृहस्थ आले होते. गळ्यात स्टॉपवॉच, चेहऱ्यावर इस्त्री. त्यांनी कागदावर फुली मारली आणि बाइंडरबाईकडे तोंड करून, ओठ नीट हलवत सांगितलं, "दुसरी संधी पंधरा दिवसांनी. तिसरी नसते. पुन्हा असंच झालं तर कुत्रा परत न्यावा लागेल. यादीत बरेच जण वाट बघतायत."

त्यात त्यांची चूक काहीच नव्हती. तरी बाइंडरबाईला ते स्टॉपवॉच खिडकीतून फेकून द्यावंसं वाटलं. वाटलं तेवढंच. तिनं त्यांना चहा दिला आणि दारापर्यंत पोचवलं.

बाइंडरबाईचं ऐकणं नवव्या वर्षी तापात गेलं. बोलणं राहिलं. समोरच्याचे ओठ ती इतक्या सफाईनं वाचायची की गिऱ्हाइकांना वर्ष वर्ष पत्ता लागायचा नाही. ती पाठमोरी असताना कुणी काही विचारलं आणि उत्तर मिळालं नाही, की बाई शिष्ट आहे असं म्हणून लोक मोकळे व्हायचे. घराच्या मागच्या खोलीत ती वह्या-पुस्तकं बांधायची. पानं निखळलेलं पुस्तक तिच्या टेबलावर आलं की नव्यासारखं होऊन परत जायचं, पण त्यासाठी मान खाली घालून तासन्‌तास शिवत बसावं लागायचं. खोलीत सुऱ्या, गरम सरस, कागदाची धूळ, म्हणून पाच महिन्यांच्या छकुलीचा पाळणा पुढच्या खोलीत ठेवलेला. आवाज झाला की लुकलुकणारा एक दिवा तिनं पूर्वी आणून बघितला होता. तो रस्त्यावरच्या हॉर्नलाही लुकलुकायचा, कपबशी फुटली तरी लुकलुकायचा, आणि मान खाली असली की दिसायचाच नाही. दिवा काही माणसाला ढोसत नाही. मग तिनं केंद्राच्या यादीत नाव घातलं, नंबर लागेपर्यंत चिकाटीनं पत्रं लिहिली, आणि छकुली पोटात असताना आठ आठवडे रोज केंद्रात जाऊन शिपायाबरोबर शिकली. एवढं पोट घेऊन जमिनीवर बसून कुत्र्याला शाबासकी द्यायची आणि पुन्हा कुणाचाही हात न धरता उठायचं. बाई हट्टी होती. हे मी कौतुकानं म्हणतोय.

सासूबाई बाळंतपणासाठी आल्या त्या राहिल्याच. त्यांनी केलंही खूप, ते नाकारण्यात अर्थ नाही. एरवी गुडघे धरून उठणारी बाई, पण बाळानं नुसतं हुं केलं की बाणासारखी सुटायची. नापास झाल्याच्या संध्याकाळी त्यांनी आपलं म्हणणं आडपडदा न ठेवता मांडलं.

"कुत्रं पुढच्या वेळी पास झालं तर ठीक. नाही झालं तर छकुली माझ्याबरोबर माझ्या घरी येईल. चालायला-बोलायला लागली, काय हवं-नको ते दाखवायला लागली, की आणून सोडीन. हा दहा-दहा दिवस बाहेर. तू एकटी. पोरगी रडून रडून निळी पडली तरी तुला पत्ता लागायचा नाही. मला वाईट म्हणायचं तर म्हणा."

हा म्हणजे त्यांचा मुलगा, बाइंडरबाईचा नवरा. तो ट्रक चालवायचा. बाळासाठी घेतलेली त्याची रजा बरोबर पंधरा दिवसांनी संपत होती. तो आईकडे बघेना, बायकोकडेही बघेना. बुटांकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"वर बघून बोला," बाइंडरबाई म्हणाली.

त्यानं मान वर केली. "म्हटलं, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे."

"थोडे म्हणजे किती?"

"वर्ष. फार तर दीड." हे सासूबाईंनी सांगितलं.

"माझी मुलगी कुठेही जाणार नाही," बाइंडरबाई म्हणाली. रागावली की तिच्या आवाजाचा अंदाज चुकायचा. तो एवढा मोठा निघाला की छकुली दचकून रडायला लागली. शिपाई उठला आणि पुन्हा सासूबाईंकडे गेला.

दुसऱ्या दिवशी ट्रेनरबाई आल्या. केंद्रात शिपायाला त्यांनीच शिकवलं होतं. अंगानं भारी, बोलायला फटकळ, आणि खिशात कायम सुक्या मांसाचे तुकडे, त्यामुळे रस्त्यातली सगळी कुत्री त्यांना ओळखून असायची. त्यांनी शिपायाला एकही प्रश्न विचारला नाही. सगळे प्रश्न सासूबाईंना विचारले.

"आजी, बाळ रडलं की आधी कोण पोचतं?"

"मी. दुसरं कोण?"

"आणि हा?"

सासूबाईंचा चेहरा खुलला. "आधी मला घरात कुत्रं नकोच होतं, खरं सांगते. पण हा गुणी निघाला हो. मी हातातलं काम टाकून उठेपर्यंत हा हजर. मला ढोसतो, पुढे धावतो, पाळण्याशी उभा राहतो. मी म्हणते, शाब्बास रे माझ्या राजा. एक टोस्टचा तुकडाही देते. त्याला सवय राहावी म्हणून!"

ट्रेनरबाईंनी कपाळाला हात लावला. नवऱ्यानं टोस्टच्या डब्याकडे असं बघितलं जणू सगळा कट त्या डब्यात शिजला होता. बाइंडरबाईला मात्र हसू आलं. शिपाई घरी आल्यापासून चार महिने ती त्याला धडे देत होती, आणि चार महिने त्याच घरात, त्याच कुत्र्याची, टोस्टसकट दुसरी शाळा चालू होती. शिकवणारी आपल्या परीनं मदतच करत होती.

"कुत्र्याचं काही चुकलं नाही," ट्रेनरबाई म्हणाल्या. "ज्याच्याकडून उत्तर मिळतं त्याला तो वर्दी देतो. या घरात उत्तर तुम्ही देता. तो म्हणतो, मग त्या दुसऱ्या बाईला कशाला त्रास?"

"मग मी चार दिवस मुलीकडे जाऊन राहते."

"उपयोग नाही. तुम्ही नसताना तो आत्ताही बरोबर करतो, मी केंद्रात बघितलंय. परीक्षेला सगळं घर हजर लागतं. तुम्ही घरात, बाळाच्या जवळ, आणि तरी त्यानं हिच्याकडे जायला हवं. म्हणजे पंधरा दिवस तुम्ही बहिऱ्या. बाळ रडलं की बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. बाळाला नाही आणि कुत्र्यालाही नाही."

"माझी नात रडतेय आणि मी बसून राहू?" सासूबाई उभ्याच राहिल्या. "दगड आहे का मी?"

"पंधरा दिवस व्हा," ट्रेनरबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. दिलासा देण्याचं काम त्यांनी कधी शिकूनच घेतलं नव्हतं.

त्या दुपारी सासूबाई भांडी आदळत होत्या. बाइंडरबाईला ते ऐकू येत नव्हतं, पण कोपरं कशी चाललीत ते दिसत होतं. ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"तुला ऐकू येत नाही म्हणून मी ऐकते," सासूबाई म्हणाल्या. "यात माझं काय चुकलं, ते एकदा सांग."

"काही चुकलं नाही."

"मग?"

"आई, पाच महिन्यांत मी तिला रडताना किती वेळा बघितलंय सांगू? मोजलंय मी. अकरा वेळा. कालची धरून." तिनं आवाज मुद्दाम खाली ठेवला, घशावर हात ठेवून. "दिवसा ती तुमच्या खांद्यावर, रात्री पाळणा तुमच्या खोलीत. भूक लागली की तुम्ही तिला आणून माझ्या मांडीवर ठेवता, तेव्हा ती आधीच गप्प झालेली असते. तिचं सगळं तुम्हाला सांगून झालेलं असतं. मी तिची आई नाही हो, मी शेजारीण आहे. उद्या तुम्ही तिला घेऊन गेलात, तर दीड वर्षानं मी तिची शेजारीणसुद्धा असणार नाही."

सासूबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. ओले हात त्यांनी पदराला पुसले.

"काय करायचं ते सांग," त्या म्हणाल्या. "जमेल असं मात्र वाटत नाही."

आणि खरंच जमलं नाही. पहिल्या दिवशी छकुलीनं दोनदा हुंकार दिला आणि सासूबाई पाळण्याशी पोचल्यासुद्धा. मग हातात नात घेऊन, चोरी पकडल्यासारख्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कानांत कापूस कोंबला. पण बाळाचे हात-पाय हलताना दिसले की कापसाचा काय उपयोग? तिसऱ्या दिवशी त्या बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसल्या. शिपाई दाराशी जाऊन बसला आणि त्यानं दार खरवडायला सुरुवात केली. आत सासूबाई, बाहेर कुत्रा, पाळण्यात छकुली, आणि मागच्या खोलीत बाइंडरबाई शांतपणे पुठ्ठ्याला खळ लावत बसलेली, कारण तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. नवऱ्यानं घड्याळ लावलं होतं. पाच मिनिटांनी त्याच्यानं राहवेना आणि त्यानंच बाळाला उचललं. त्यावरून बाइंडरबाईनं त्याला जे सुनावलं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

पाचव्या दिवशी सासूबाई पुढच्या खोलीत, खुर्चीत, डोळ्यांवर पदर ओढून बसल्या. शिपाई आला, गुडघ्याला ढोसलं. त्या हलल्या नाहीत. बाइंडरबाई दाराच्या फटीतून बघत होती. तिला वाटलं, आता जमतंय. एवढ्यात पदराखाली ओठ हलताना दिसले.

"काय म्हणालात त्याला?"

"काही नाही. म्हटलं, जा रे बाबा, तिच्याकडे जा."

"तेही उत्तरच झालं, आई."

"मग श्वास तरी घेऊ ना?" सासूबाई चिडून म्हणाल्या, आणि पदर बाजूला केला तर डोळे लाल झालेले. बाइंडरबाईला त्या क्षणी त्यांची दया आली. पण तिनं ती दाखवली नाही. दया दाखवली असती तर दोघीही ढेपाळल्या असत्या.

तिनं आपल्या बाजूचं काम वाढवलं. शिपाई आपल्याकडे यावा असं वाटत असेल, तर यायला कारण हवं. टोस्टचा डबा तिनं कुलपात टाकला. ट्रेनरबाईंकडून आणलेले मांसाचे तुकडे फक्त तिच्या कमरेच्या पिशवीत, आणि फक्त पाळण्याशी पोचल्यावर. नवऱ्याला तिनं दिवसातून वीस वेळा घंटा वाजवायला लावली. तो बिचारा दारातून आत-बाहेर करून दमला, शेजाऱ्यांना वाटलं नवरा-बायकोचं बिनसलंय. घंटेला शिपाई अचूक तिच्याकडे यायचा. किटलीलाही यायचा. अडत होतं ते फक्त रडण्यापाशी. बाळाला काही हुकमानं रडवता येत नाही, आणि कुणी तशी कल्पना मांडली असती तर त्याची धडगत नव्हती. त्यामुळे छकुलीला भूक लागायची वाट बघायची, दिवसातून चार-पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी सासूबाईंनी काळजावर दगड ठेवून बसायचं.

नवव्या दिवशी, सकाळी, बाइंडरबाई एका जाड वहीचे फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, शिवत होती. गुडघ्याला ओलं नाक लागलं. तिनं खाली बघितलं तर शिपाई. घंटा असेल असं समजून ती त्याच्या मागे निघाली, आणि तो दाराकडे न वळता पाळण्याकडे वळला. छकुली रडत होती. सासूबाई खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. नवऱ्यानं दोन बोटं वर केली, मग हातानं अर्धं असं दाखवलं. अडीच मिनिटं. आधी शिपाई सासूबाईंकडे दोनदा गेला होता, पाळण्याशी गेला होता, मध्येच बसून त्यानं कान खाजवला होता, आणि मग त्याला मागची खोली आठवली होती.

परीक्षेत नव्वद सेकंद मिळायचे.

बाराव्या दिवशी दोन मिनिटं झाली. तेराव्या दिवशी उलट तीन, कारण सासूबाईंना शिंक आली आणि शिपायाला ते उत्तर वाटलं. चौदाव्या दिवशी एक मिनिट चाळीस. त्या रात्री नवऱ्यानं ट्रकची चावी खुंटीवरून काढून पुन्हा खुंटीला लावली. बाइंडरबाईनं छकुलीचे कपडे घडी घातले आणि नेहमीच्याच खणात, नेहमीच्याच जागी ठेवले. बॅग तिनं काढलीच नाही.

पंधराव्या दिवशी परीक्षक आले, तीच इस्त्री, तेच स्टॉपवॉच. ट्रेनरबाई रस्त्यावरच थांबल्या, त्यांना आत यायची परवानगी नव्हती. परीक्षकांनी सगळ्यांच्या जागा ठरवल्या. बाइंडरबाई मागच्या खोलीत, कामावर. नवरा भिंतीशी. सासूबाई पाळण्याला लागून, हात लांबवला तर पोचेल इतक्या जवळ. "मुद्दामच," ते म्हणाले. "घरात रोज असंच असणार." छकुलीच्या दुधाची वेळ होत आली होती.

बाइंडरबाई टेबलाशी बसली आणि सुईत दोरा ओवला. यापुढचं तिच्या हातात काही नव्हतं. पुढच्या खोलीत रडणं सुरू झालंय की नाही, घड्याळ पळायला लागलंय की नाही, तिला कळायला मार्ग नव्हता. मागे वळून बघणं नियमात बसत नव्हतं, आणि बसत असतं तरी तिनं बघितलं नसतं. रोज तिच्या वाट्याला येणार ते हेच: मान खाली, कामात हात, आणि कुत्र्यावर भरवसा. तिनं पहिला फर्मा शिवला. दुसरा शिवला. टाके सरळ पडावेत म्हणून ती जिद्दीनं लक्ष देत होती, कारण हे खरंच कुणाचं तरी पुस्तक होतं. तिसऱ्या फर्म्याला दोरा गुंतला. तिनं तो सोडवला, चिडली नाही. चौथा तिनं हातात घेतला आणि मनात आलं, संपलं असणार आता. नव्वद सेकंद कधीच होऊन गेले असणार. आता ते गृहस्थ आत येतील आणि ओठ नीट हलवत सांगतील.

गुडघ्याला नाक लागलं.

एकदा नाही, दोनदा, चांगलं जोरात. ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली असावी, पायांना धक्का जाणवला. शिपाई पुढे, ती मागे. तो दाराकडे वळला नाही, स्वयंपाकघराकडे वळला नाही. पाळण्याशी जाऊन उभा राहिला आणि तिच्याकडे बघायला लागला.

छकुली लालबुंद झाली होती. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, पाय झाडतेय. बाइंडरबाईनं तिला उचललं, छातीशी धरलं, आणि दुसऱ्या हातानं शिपायाला त्याचा तुकडा दिला. रडण्याची थरथर तिच्या खांद्यातून आत उतरली. तीही तिला हवीच होती. मग तिनं परीक्षकांकडे बघितलं. त्यांनी स्टॉपवॉच तिच्याकडे फिरवलं. एक्क्याऐंशी. कागदावर त्यांनी बरोबरची खूण केली आणि इस्त्री मोडून चक्क हसले.

नवरा भिंतीला टेकून खाली बसला होता. आणि सासूबाई अजून खुर्चीतच होत्या.

दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. अंगाचा सगळा भार हातांवर टाकून त्या बसल्या होत्या, हात आपणहून पाळण्याकडे जाऊ नयेत म्हणून. गाल भिजले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता. साडीवर गुडघ्यापाशी ओला डाग होता, शिपायाच्या नाकाचा. म्हणजे तो आधी त्यांच्याकडेच गेला होता, चांगला बराच वेळ ढोसत राहिला होता, आणि हातभर अंतरावर नात जिवाच्या आकांतानं रडत असताना ही बाई हलली नव्हती.

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. ओठ हलले. इतके हळू की त्यात आवाज नसावाच.

"आता उठू का मी?"

बाइंडरबाईनं होकारार्थी मान हलवली. सासूबाईंनी हात बाहेर काढले, ते बधिर झाले होते, बोटं मिटत नव्हती. नातीला घ्यायला पुढे केले आणि तसेच मागे घेतले. मग बाइंडरबाई खुर्चीशी खाली बसली, छकुलीला त्यांच्या मांडीवर ठेवून एका हातानं धरून राहिली आणि दुसऱ्या हातानं त्यांची बोटं चोळायला लागली.

बोटांत जीव आल्यावर सासूबाईंनी डोळे पुसले आणि मुलाकडे वळल्या. पण मध्येच थांबल्या, मान फिरवून तोंड सुनेसमोर आणलं, म्हणजे तिला नीट दिसावं.

"उद्या निघताना मला माझ्या घरी सोड," त्या म्हणाल्या. "एकटीला."